पिंगळ्याचे माहेरचे नाव

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला प्राणिशास्त्राशी काय कर्तव्य, असे कोणी दोन वर्षांपूर्वी विचारले असते तर "काही नाही" असेच उत्तर मी दिले असते. प्राणिशास्त्राचा आणि माझा संबंध स्टाफरूममधल्या शेजारापुरता. त्यांचे कपाट माझ्या कपाटाला लागून आहे, आणि त्यांच्या बाटल्यांतल्या औषधाचा वास माझ्या पुस्तकांना लागू नये, एवढीच माझी त्या शास्त्राकडून अपेक्षा होती. पण एक दिवस वर्गात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, पिंगळावेळ म्हणजे नक्की किती वाजता?"

जी. ए. कुलकर्णी यांचा 'पिंगळावेळ' हा कथासंग्रह १९७७ सालचा. त्याच्या नावावर मी दरवर्षी पाच-सात मिनिटे बोलत आलो आहे. पण ही वेळ घड्याळात कुठे बसते, हे मला आजवर कोणी विचारले नव्हते. मी म्हणालो, "उजाडण्यापूर्वी, पिंगळा बोलतो ती वेळ." तर लगेच दुसरा प्रश्न : "पिंगळा म्हणजे कोण?" मी उत्तर देण्यापूर्वी वर्गातच दोन पक्ष पडले. शेतावर राहणारी मुले म्हणाली, पिंगळा म्हणजे लहान घुबड. गावातली दोन-तीन मुले म्हणाली, पिंगळा म्हणजे पहाटे दारावर येणारा माणूस, आजी सांगते. तास संपल्याची घंटा झाली म्हणून माझी सुटका झाली.

दोन्ही पक्ष खरे होते. मी लहान असताना आमच्या आळीत पिंगळा येई. थंडीचे दिवस, केळीच्या बागांवरून येणारा गारठा, आणि अंधारातच कुडमुड्याचा तो कुडुक् कुडुक् आवाज. अंगावर घोंगडी, हातात कंदील. उजाडण्यापूर्वी पिंगळा पक्षी जे बोलतो ते याला कळते आणि तेच तो दारोदार सांगत फिरतो, अशी समजूत. एकनाथांनी आपल्या भारुडांत ज्या अठरापगड लोकांना उभे केले, त्यांत हा पिंगळाही आहे. आमच्या दारातला पिंगळा घरातल्या माणसांची नावे घेऊन त्यांचे बरे चिंती. आजोबांचे नाव घेई, वडलांचे घेई, माझेही घेई. स्वतःचे नाव अंधारातून परक्या आवाजात ऐकताना माझ्या अंगावर काटा येई आणि बरेही वाटे.

एकदा आई सुपात ज्वारी घेऊन दाराशी गेली, तेव्हा त्याने विचारले, "माय, तुझं नाव काय?" आईने तोंड उघडले होते. तेवढ्यात आतून आजीनेच नाव सांगितले. आई ज्वारी घालून आत आली. मी सहा-सात वर्षांचा असेन. त्यात विशेष काही घडले असे तेव्हा मला वाटले नाही. पण आठवण राहिली खरी.

असो. सांगत होतो प्राणिशास्त्राचे. त्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन मी शेजारच्या कपाटवाल्या सहकाऱ्यांना विचारले, "अहो सर, पिंगळा म्हणजे लहान घुबड ना?" ते डबा खात होते. घास तसाच ठेवून ते म्हणाले, "कोणता पिंगळा? ठिपक्यांचा, की आपला रानपिंगळा?" आणि त्या 'आपला' या शब्दावर त्यांनी असा काही जोर दिला, की जणू रानपिंगळ्याचे घर गुजरी पेठेत असावे.

घर तिथे नसले तरी फार लांबही नाही. रावेरच्या उत्तरेला सातपुडा लागतो. पालच्या बाजूने यावल अभयारण्यात शिरले, की सागाचे, सलईचे कोरडे रान सुरू होते. त्या रानात हा पक्षी आहे. साऱ्या जगात तो फक्त मध्य भारतात सापडतो : आपला खानदेश, मेळघाट, त्याला लागलेला मध्य प्रदेश, आणि अलीकडे तानसा व गुजरातचा थोडा भाग. संख्या इतकी थोडी, की जगातले सगळे मोठे पक्षी मोजले तरी ते हजाराच्या आतच भरतील असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पण मला गुंतवले ते त्याच्या संख्येने नव्हे, त्याच्या नावाने. आमचा धंदाच तो.

१८७२ साली बसना या गावाजवळ (आज ते छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात आहे) एफ. आर. ब्लुइट नावाच्या इंग्रज गृहस्थाने एक लहान घुबड मारले आणि त्याचे कातडे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवले. हे ह्यूम म्हणजे तेच, राष्ट्रसभेचे. १८८५ साली मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले त्यामागचे ह्यूमसाहेब आपल्याला शाळेच्या इतिहासात भेटतात. पण हा माणूस त्या काळी हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा जाणकार होता, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. त्यांच्या संग्रहात हजारो पक्ष्यांची कातडी आणि अंडी होती. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहिण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे काढली. आणि एका हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असताना त्यांच्याच नोकराने ती सारी हस्तलिखिते बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली! ह्यूमनी त्यानंतर तो नाद सोडला आणि सगळा संग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. हे मी वाचले त्या रात्री उठून मी माझ्या टिपणांच्या वह्या माळ्यावरून खाली काढून कपाटात ठेवल्या. घरात वर्षातून दोनदा रद्दीवाला येतो.

तर ह्यूमनी ते कातडे पाहिले. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याच्या डोक्यावर ते जवळजवळ नव्हते. पंखांवर, शेपटीवर मात्र रुंद पांढरे पट्टे. डोके मोठे, पाय दणकट. ह्यूमना वाटले, हा निराळाच आहे. इतका निराळा, की याला नेहमीच्या पिंगळ्यांच्या घरात घालणे बरोबर नाही. म्हणून १८७३ साली त्यांनी आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात या पक्ष्यासाठी नवे घरच बांधले आणि त्याला नाव दिले : हेटेरोग्लॉक्स ब्लुइटाय.

शास्त्रीय नावे म्हणजे जिभेचे हाल, अशी माझीही समजूत होती. पण व्याकरणाच्या अंगाने पाहू लागलो, तेव्हा मोठी गंमत वाटली. स्वीडनच्या लिनियसने १७५८ पासून प्राण्यांना दोन शब्दांचे नाव देण्याची जी पद्धत पक्की केली, तीत पहिला शब्द कुळाचा आणि दुसरा त्या जातीचा. आडनाव आधी आणि नाव नंतर, जसे आपल्या हजेरीपटावर असते. 'हेटेरो' म्हणजे दुसरा, वेगळा. 'ग्लॉक्स' म्हणजे घुबड. दोन्ही शब्द ग्रीक. आणि 'ब्लुइटाय' मधला शेवटचा स्वर ही चक्क लॅटिनची षष्ठी विभक्ती! आपला 'चा-ची-चे'. म्हणजे सगळे मिळून 'ब्लुइटचे वेगळे घुबड'. ज्याने गोळी घातली त्याचे नाव पाखराला मिळाले, हा न्याय मला फारसा पटत नाही. पण नाव ठेवणाऱ्यांनी बाळाचे मत विचारायचे असते अशी चाल कुठेच नाही.

आता पुढची गोष्ट. १८७२ ते १८८४ या काळात या पक्ष्याचे अवघे सात नमुने मिळाले. त्यांतले बरेच जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, शहाद्याच्या बाजूला जमवलेले. आणि १८८४ नंतर काही नाही. पक्षी नाहीसा झाला. सलीम अलींसारख्या माणसाने १९७० नंतरच्या दशकात शोध घेतला, तरी सापडला नाही.

मधे एक नमुना मात्र होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या बड्या गृहस्थांनी १९१४ साली तो गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला मिळवला असे त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. पामेला रॅसमुसेन या अमेरिकन विदुषीने ते कातडे हातात घेतले आणि तिला संशय आला. तिने जे केले ते वाचताना मी खुर्चीतून उठलो, कारण तो सरळसरळ पाठचिकित्सेचा प्रकार होता! एखाद्या पोथीच्या शेवटी लेखनिक काहीही लिहो, आपण कागद पाहतो, शाई पाहतो, अक्षराचे वळण पाहतो. तसेच प्रत्येक माणसाची पक्षी भरण्याची एक लकब असते. या कातड्यातला जुना कापूस काढून नवा भरला होता; पण आतल्या हाडामांसावर पहिल्या हाताच्या खुणा राहिल्या होत्या, आणि तो हात डेव्हिडसनचा होता. धाग्यांची तपासणी तर अमेरिकेच्या एफ.बी.आय.च्या प्रयोगशाळेत झाली. कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातूनच डेव्हिडसनचा नमुना चोरला, नव्याने भरला आणि खोटी चिठ्ठी बांधून आपला म्हणून मिरवला, असे निघाले. रॅसमुसेन आणि कोलर यांनी १९९९ साली हे सगळे प्रसिद्ध केले. कर्नलसाहेब १९६७ सालीच वारले होते. एका पाखराच्या पायाला बांधलेली खोटी चिठ्ठी! तिच्यामुळे इतकी वर्षे माणसे नको तिथेही शोधत राहिली.

खोटी चिठ्ठी बाजूला पडल्यावर राहिल्या खऱ्या. रॅसमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ही तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे धुंडाळत आली. पूर्वेकडच्या गावांत काही हाती लागले नाही. मग शहादा. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात, एका निष्पर्ण झाडावर, उन्हात तो बसलेला होता. डोक्यावर ठिपके नाहीत. एकशेतेरा वर्षांनी!

चिठ्ठीवर डेव्हिडसनच्या काळचे 'खानदेश' होते. १९०६ साली त्या खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. पश्चिमेचा पुढे धुळे जिल्हा झाला. आणि पक्षी सापडल्यानंतर सातच महिन्यांनी, १ जुलै १९९८ ला, शहादा तालुका नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेला. गावाचे पत्ते असे बदलत गेले आणि पाखरू आपले तिथेच बसून राहिले.

हे सगळे मी आईला सांगितले ते एस.टी.त. आणि आता मला मूळ विषयाकडे यायला हवे. कारण पिंगळ्याचे एवढे वेड मला लागले त्याचे कारण पिंगळा नव्हे, हे माझ्या कधीच लक्षात आले आहे.

माझ्या आईचे माहेर शहादा तालुक्यातले. १९७४ साली ती लग्न होऊन रावेरला आली. दारात माप ओलांडले, लक्ष्मीपूजन झाले, आणि ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले गेले. पहिले नाव एका नदीचे होते; नवे नाव लक्ष्मीचे. दोन्ही नावे मी इथे देत नाही. "माझं नाव छापायचं नाही," असे तिने बजावले आहे, आणि मी विचारले की कोणते, तर म्हणाली, "दोन्ही." नावाबरोबर तिने बोलीही बदलली. ती आली तेव्हा तिचे बोलणे ऐकून आमच्या आत्या हसत, असे ती सांगते; आज ती आत्यांपेक्षा अस्सल रावेरची वाटते. (तिचे बोलणे मी इथे पुस्तकी मराठीत उतरवतो आहे. मास्तरकीची खोड, दुसरे काय.)

नदीचे नाव मला माझ्या वयाच्या चाळिशीपर्यंत नीट ठाऊक नव्हते. कधीतरी कानांवर आले असेल. पण आईला नाव असते, आणि ते एकाहून अधिक असू शकते, याचा विचार मुलगे करीत नाहीत. तिच्या माहेरीही ते कोणी घेत नसे. आजोबा-आजी गेले. मामा धाकटे, ते जन्मभर 'ताई' म्हणत आले. म्हणजे त्या नावाने हाक मारणारे या पृथ्वीवर कोणी उरले नव्हते.

उरले होते एका कागदावर. आजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली, तेव्हा तलाठ्याने आईचेही नाव लावले, आणि लावले ते अर्थातच माहेरचे. जमीन ती केवढी! मामांची आणि तिची मिळून जी काही आहे तीत तिचा वाटा विकून तालुक्याच्या गावी घराची एक खोलीही व्हायची नाही. त्यामुळे "मी हक्क सोडते म्हणून लिहून देईन, तू काळजी करू नको," असे ती मामांना वीस वर्षे सांगत आली होती, आणि मामांनीही वीस वर्षे घाई केली नव्हती. यंदा त्यांना कर्ज काढून विहिरीचे काम करायचे होते. उताऱ्यावर एकच नाव असले की सोपे जाते. त्यांनी फोन केला. आई म्हणाली, "येते."

पण हक्क सोडायचा तर आधी तो आपला आहे हे सिद्ध करायला हवे. उताऱ्यावर नदी, आधार कार्डावर, बँकेत, वडलांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनच्या कागदावर लक्ष्मी. ही बाई तीच कशावरून? मग तिचा सातवीचा शाळेचा दाखला शोधणे आले, प्रतिज्ञापत्र आले. "मी अमुक ऊर्फ तमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, ही दोन्ही नावे माझीच असून..." प्रतिज्ञापत्रात तो 'ऊर्फ' वाचला आणि मी हसलो. शेजारच्या कपाटवाल्यांकडून मी नुकतेच शिकलो होतो, की प्राणिशास्त्रातही ऊर्फ असते. त्याला ते समानार्थी नाव म्हणतात. एकदा रीतसर प्रसिद्ध झालेले नाव पुढे चालेनासे झाले तरी फेकून देत नाहीत; त्या जातीच्या नावाखाली जुन्या नावांची यादी असते, तीत ते राहते.

सहीचा प्रश्न वकिलांनीच काढला. "दोन्ही नावांनी सही करावी लागेल, काकू." रावेरला आदल्या रात्री आई कॅलेंडरचे जुने पान उलटे करून बसली आणि पेन्सिलीने ते नदीचे नाव लिहू लागली. पन्नास वर्षांत लिहिले नव्हते. पहिल्यांदा अक्षर अगदी सातवीतल्या मुलीसारखे आले. गोल, सुटे, वर रेघ आखल्यासारखी. पान भरले तरी ती लिहीतच होती. मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखे दाखवले.

रावेरहून शहाद्याला जाणारी वाट सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर अशी सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने जाते. पश्चिमेकडे जाताना डोंगर सतत उजव्या हाताला. आई खिडकीशी बसली होती. मी तिला पिंगळ्याची गोष्ट सांगायला घेतली. खरे म्हणजे तिचे मन कागदांवरून काढावे म्हणून. कर्नलची चोरी ऐकून तिने "मेल्याला दुसरं काही मिळालं नाही चोरायला?" एवढा अभिप्राय दिला. १९९७ सालची सकाळ तिला विशेष वाटली नाही. "आमच्या मळ्यात पिंगळे कितीतरी होते. डोक्यावर ठिपके होते की नव्हते हे कोण बघतं? त्या बाईला इतक्या लांबून यावं लागलं, आम्हांला कोणी विचारलंसुद्धा नाही."

मग मी नावाचे सांगितले. ह्यूमनी या पक्ष्याला वेगळे घर दिले खरे. पण पुढच्या विद्वानांना ते जास्तीचे वाटले. त्यांनी त्याला नेहमीच्या पिंगळ्यांच्या घरात, अथीनी या कुळात, नेऊन घातले. (अथीनी ही ग्रीकांची ज्ञानदेवता, तिचे घुबड तिच्या नाण्यांवर असे. आपल्याकडे उत्तरेत आणि बंगालात घुबड लक्ष्मीचे वाहन. आणि त्याच पुण्याईने दिवाळीत मांत्रिकांच्या नादी लागून लोक घुबडे मारतात.) आपल्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचे नाव अथीनी ब्रामा. अथीनीच्या पुढे ब्रह्मदेव! रानपिंगळा सापडल्यावर रॅसमुसेनबाईंनी त्याची हाडे, वागणे पाहून पुन्हा ह्यूमची बाजू घेतली : हा वेगळाच. आणि २०१८ साली आपल्याकडच्याच संशोधकांनी, पंकज कोपर्डे, प्राची मेहता, रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, डी.एन.ए. तपासून सांगितले की नाही, हा अथीनीच्याच कुळात बसतो. दीडशे वर्षांचा वाद. आता बहुतेक याद्यांत नाव येते ते अथीनी ब्लुइटाय. शास्त्राने दिलेला निकाल आपण मानला पाहिजे. तरी मनातून मला हेटेरोग्लॉक्स गेल्याचे वाईटच वाटले. 'वेगळा' असे कोणी एकदा म्हटले होते, ते नाव होते.

"म्हणजे आडनाव बदललं," आई म्हणाली.

"हो. पण दुसरा शब्द, ब्लुइटाय, तो तसाच राहिला. नियमच आहे. घर किती वेळा बदललं तरी जातीचं मूळ नाव बदलायचं नाही. आणि घर बदललं असलं, तर ज्यानं पहिल्यांदा नाव ठेवलं त्याचं नाव आणि साल कंसात लिहायचं. ह्यूम, १८७३. कंस दिसला की समजायचं, याचं पहिलं घर दुसरं होतं."

आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. चोपडा गेले. मग म्हणाली, "घुबडांचं बरं आहे."

कचेरीत गर्दी होती. मामा सकाळपासून येऊन बसले होते. चहा, केळी, मुद्रांक, दोन साक्षीदार, सगळी तयारी. आम्ही बाकावर बसलो. दुपारी कारकुनाने दाराशी येऊन रजिस्टरमधले नाव पुकारले. नदीचे नाव, आजोबांचे नाव, माहेरचे आडनाव.

कोणी उठले नाही.

आई शेजारच्या बाईशी कपाशीच्या भावाविषयी बोलत होती. मीही उठलो नाही, कारण ते नाव माझ्याही कानाला सरावाचे नव्हते. कारकून जरा चिडून पुन्हा ओरडला. तेव्हा आई बोलता बोलता थांबली. तिने मान वर केली ती कारकुनाकडे नव्हे. दाराबाहेर, जिथून कोणी हाक मारली असेल असे तिला वाटले तिकडे. क्षणभरच. मग पदर सावरून उठली.

टेबलाशी तिला कुठे सही करायची ते दाखवले. तिने पेन हातात घेतले आणि विचारले, "साहेब, ही सही केली की उताऱ्यावरचं माझं नाव जाईल?"

"फेरफार मंजूर झाला की जाईल, मावशी. त्यासाठीच तर आलात."

"दुसरीकडे कुठे राहील?"

त्या बिचाऱ्याला प्रश्नच कळला नाही. "दुसरीकडे कशाला राहील?" तो म्हणाला.

आईने पेन खाली ठेवले. मामांकडे वळून म्हणाली, "राहू दे रे यंदा. तुझ्या विहिरीच्या कर्जाला मी येऊन पाहिजे तितक्या सह्या करते, दोन्ही नावांनी. जमीन तूच खा. मला दाणा नको. पण नाव राहू दे."

मामा काही बोलले नाहीत. साक्षीदारांनी एकमेकांकडे पाहिले. मुद्रांकाचे पैसे गेले ते गेलेच, शिवाय मामांचा एक दिवस. मी मामांची समजूत घालायला म्हणून काही बोलू लागलो, तर माझ्या तोंडून पिंगळाच निघाला असता. म्हणून गप्प बसलो. स्टँडवर येईपर्यंत कोणी बोलले नाही. गाडीत आमच्यासाठी जागा धरायला मात्र मामाच आधी चढले, आणि खाली उतरल्यावर खिडकीतून सीताफळांची पिशवी आत दिली. तीही न बोलताच.

तो राग पुरता गेलेला नाही. मामींच्या फोनवरून ते कळते. मामांचे चुकले असे मी म्हणणार नाही. वीस वर्षांचा शब्द होता, आणि कर्जाच्या कामात दोन नावे म्हणजे दोन हेलपाटे. आईचे चुकले असेही मला म्हणता येत नाही. माझ्या पत्नीने मात्र त्या रात्री मला विचारले, की लग्नात तुम्ही माझे नाव बदलले नाही ते विचाराने की आळसाने? मी खरे ते सांगितले. तिने आणखी काही विचारले नाही.

मागच्या महिन्यात मी शेजारच्या कपाटवाल्यांबरोबर पहाटे पालच्या रानात जाऊन आलो. ती पिंगळावेळच होती. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे. (त्या मुलीला वर्गात सांगितले.) उजाडल्यावर एका वठलेल्या सागावर पिंगळा दिसला. छाती धडधडली. सहकाऱ्यांनी दुर्बीण लावली आणि माझ्या हातात दिली. पक्ष्याने मान फिरवून आमच्याकडे पाठ केली. डोके स्पष्ट दिसले. ठिपके होते.

घरी आल्यावर आईने विचारले, "सापडला का?" मी म्हणालो, "ठिपकेवाला होता." "मग तो इकडचाच," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

कॅलेंडरचे ते पान तिने देवघराच्या खणात घडी करून ठेवले आहे. भाऊबीजेला मामा येणार आहेत, रागासकट. येताना सातबाऱ्याचा ताजा उतारा घेऊन ये, असे तिने त्यांना फोनवर सांगितले आहे.